गच्चीला चुना मारताना पडलेला प्रश्न: पृथ्वी अख्खी गोठली होती की मधे पाण्याचा पट्टा उरला होता?

गच्चीवरचा (रविवार, सकाळी ११:२०)

काल गच्चीला चुना मारला. सोलापुरात एप्रिल उलटला की स्लॅबच्या घरवाल्यांना हा उद्योग चुकत नाही. अर्धी गच्ची पांढरी झाली, अर्धी सिमेंटची करडीच राहिली आणि चुना संपला. दुपारी तीनला मुद्दाम अनवाणी वर गेलो. पांढऱ्यावर जेमतेम उभं राहता येत होतं. करड्यावर दुसऱ्याच पावलाला नाचायला लागलो.

भाचा आलाय सुट्टीला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो म्हणाला, "मामा, पृथ्वीचं एकदा हेच झालं होतं. पांढरी झाली म्हणून गार पडली, गार पडली म्हणून आणखी पांढरी झाली." आणि लॅपटॉप घेऊन बसला. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत दहा-दहा अंशांचे नऊ पट्टे, प्रत्येकाची एक ओळ. ऊन किती आलं, किती परत फेकलं, अवकाशात किती गेलं, शेजारच्या ओळीला किती दिलं. तापमान मायनस १० च्या खाली गेलं की ती ओळ पांढरी. मग सूर्य थोडा थोडा मंद करत नेला. बर्फ ध्रुवाकडून सावकाश खाली येत होता. साधारण ३० अंशांच्या खाली उतरला आणि मग ऐकेचना. सूर्य पुन्हा होता तेवढा केला तरी नाही. चार फेऱ्यांत सगळा तक्ता पांढरा.

आता प्रश्न. हे खरंच घडलं होतं असं म्हणतात, सुमारे ७० कोटी वर्षांपूर्वी. पण काही शास्त्रज्ञ सांगतात की सगळं गोठलं नव्हतं, विषुववृत्ताजवळ मोकळ्या समुद्राचा पट्टा होता. भाच्याच्या तक्त्यात तर पट्टा टिकत नाही. मग खरं काय? आणि उद्या सोलापुरात पाऊस आहे का ते ज्यांना नीट सांगता येत नाही, त्यांचं ७० कोटी वर्षांमागचं का ऐकायचं? (दुसरा प्रश्न आमच्या सौंचा आहे.)

काडीपेटी

पारा ४३ वर आणि धागा बर्फावर. पॉपकॉर्न नको, कालाखट्टा घेऊन बसलोय.

निवृत्त_मास्तर

भाच्याचं कौतुक. ही कल्पना जुनी आहे. १९६९ साली लेनिनग्राडचे मिखाईल बुडिको आणि अमेरिकेतले विल्यम सेलर्स या दोघांनी स्वतंत्रपणे असाच हिशेब मांडला. बुडिकोंच्या गणितात सूर्य अवघा १.६ टक्के मंद झाला तरी बर्फाचा तोल सुटून तो विषुववृत्तापर्यंत पोचत होता. नंतरच्या मोठ्या मॉडेलांत पृथ्वी एवढी नाजूक निघत नाही, पण तोल सुटतो तो सुटतोच.

ज्यांना तक्ताही नको त्यांच्यासाठी पाठीमागच्या कोऱ्या पानावरचं गणित. आज सूर्याची सरासरी ३४० वॅट प्रति चौरस मीटर मिळते. त्या काळी सूर्य सुमारे ६ टक्के मंद होता, म्हणजे ३२०. पृथ्वी आज ३० टक्के ऊन परत फेकते. बर्फाने झाकलेली ६५ टक्के फेकते असं धरा. उरले ११२ वॅट. वस्तू जेवढी ऊब फेकते ती तिच्या केल्विन तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते, म्हणून त्या सूत्राने उलटं, चौथं मूळ काढा, मायनस ६२ अंश येतात. हरितगृह वायूंची गोधडी वेगळी, ती थोडं वर आणेल. तरी एकूण जमाखर्च भयंकर आहे.

सौ. गच्चीवरच्यांना: जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेला स्वेटर लागतो हे मे महिन्यात सांगता येतं की नाही? यात्रेच्या दिवशी दुपारी ढग असेल का, ते नाही सांगता येत.

शंकासुर

मास्तर, गड्डा दरवर्षी येतो म्हणून सांगता येतं. पृथ्वी गोठलेली कुणी किती वेळा पाहिलीय? नऊ ओळींचा तक्ता असो की महासंगणक, आत आकडे टाकणारा माणूसच. मॉडेल म्हणजे पंचांगच, फक्त वीजबिल जास्त.

शिवाय एक साधा पर्याय कुणी बोलत नाही. पृथ्वीचा आसच तेव्हा फार कललेला असेल तर? कल ५४ अंशांच्या वर गेला की वर्षभराच्या हिशेबात ध्रुवांना विषुववृत्तापेक्षा जास्त ऊन मिळतं. मग विषुववृत्तावर बर्फ आणि ध्रुव मोकळे. ऑस्ट्रेलियाच्या जॉर्ज विल्यम्स यांनी १९७५ मध्येच हे मांडलंय. अख्खा गोळा गोठवायची गरजच नाही.

खडकशोध्या

शंकासुर, पाहायला कुणी नव्हतं, पण दगड होते. हिमनदीच्या कामाच्या खुणा एकत्र पाहिल्या की ओळखता येतात. वेगवेगळ्या आकाराचे गोटे, वाळू, चिखल, सगळं न चाळता एकत्र आणून टाकते. गोट्यांवर ओरखडे असतात. तरंगता बर्फ वितळताना त्यातला धोंडा खाली पडतो आणि तळाच्या गाळाचे पापुद्रे दाबून बसतो, उशीवर वरवंटा ठेवावा तसा. असे थर जवळपास प्रत्येक खंडात आहेत. ब्रायन हारलंड यांनी १९६४ मध्येच ही जागतिक गोठण असावी असं म्हटलं होतं.

मुख्य पुरावा चुंबकाचा. गाळ बसताना त्यातले लोहकण त्या वेळच्या चुंबकक्षेत्राप्रमाणे वळतात. ध्रुवाजवळ हा कल उभा असतो, विषुववृत्तावर आडवा. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एलाटिना थरांत तो जवळपास आडवा निघाला, म्हणजे समुद्रसपाटीचा बर्फ विषुववृत्ताजवळ होता. यावरूनच जोसेफ किर्शविंक यांनी १९९२ मध्ये 'स्नोबॉल अर्थ' हे नाव दिलं. १९९८ मध्ये पॉल हॉफमन आणि सहकाऱ्यांनी नामिबियातले थर दाखवून ते गाजवलं. तिथे हिमनदीच्या गाळावर थेट चुनखडकाची टोपी बसलीय. गार पाण्याच्या गाळावर उबदार पाण्याचा खडक, मधे काही नाही.

कललेल्या आसाबद्दल: तसं असतं तर कोरडे पट्टेही जागा सोडून गेले असते. जुन्या मिठाचे आणि जिप्समचे थर मात्र आजच्यासारखेच उपोष्ण, कोरड्या पट्ट्यांत सापडतात. आणि एवढा कललेला आस पुन्हा सरळ कुणी केला, तेही सांगावं लागेल.

काळ: पहिली गोठण सुमारे ७१ कोटी ७० लाख ते ६६ कोटी वर्षांपूर्वी, तिला स्टर्टियन म्हणतात. म्हणजे ५ कोटी ७० लाख वर्षं सलग! दुसरी मॅरिनोअन, ती ६३ कोटी ५० लाख वर्षांपूर्वी संपली. आपल्या पायाखालचा दख्खनचा काळा पत्थर ६ कोटी ६० लाख वर्षांचा. त्यामुळे सोलापुरात कुणी 'हिमयुगातला गोटा' विकायला आला तर घेऊ नका.

इरईकाठचा

पण आमच्या चंद्रपूरजवळ इरईला हिमनदीने घासलेला खडक आहे की! लहानपणी सहलीला नेलं होतं. गुरुजी म्हणाले, इथे बर्फ होता. आम्ही ४६ अंशांत उभे, एकानेही विश्वास ठेवला नाही.

खडकशोध्या

गुरुजी बरोबर होते. खाली चुनखडक, त्यावर ओरखडे, वर तालचिर गटाचे थर. पण तो बर्फ सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा, गोंडवन या जुन्या महाखंडातला. तेव्हा भारत दक्षिण ध्रुवाकडे होता, त्यामुळे बर्फ असण्यात नवल नाही. स्नोबॉलच्या काळातलं भारतात पाहायचं तर हिमाचलमध्ये सोलनकडे जा. ब्लैनी नावाचे थर आहेत, हिमनदीचा गाळ आणि वर गुलाबीसर चुनखडकाची टोपी. बहुतेक जण ते मॅरिनोअनशी जोडतात.

बर्फवाले_आप्पा

राम राम मंडळी. आपल्याला कोट्या-बिट्या कळत नाहीत, पण बर्फ कळतो. तीस वर्षं कारखाना चालवला, आता पोरगा बघतो. दोन गोष्टी सांगतो, चुकलं तर सांगा.

एक. लादी कशी बनते? मिठाच्या पाण्याची मोठी टाकी, अमोनियानं ते पाणी शून्याच्या दहा-बारा खाली गार ठेवायचं. त्यात पत्र्याचे डबे सोडायचे, डब्यात गोडं पाणी. बर्फ कडेनं धरत आत जातो. पहिला इंच बघता बघता धरतो की ओ. शेवटचा इंच दम काढतो. का, तर आतल्या पाण्याची ऊब आता बर्फातनंच बाहेर पडायची, आन् बर्फ जाड झाला की तो गोधडीवानी होतो. मोठ्या लादीला दीड-दोन दिवस जातात. मग तुमचा समुद्र पार तळापर्यंत गोठला म्हणता ते कसं? मला पटंना.

दोन. लादीची कड काचेवानी, मधला गाभा पांढराफटक. पाण्यातली हवा आन् क्षार ढकलत ढकलत मधे जातात. गिऱ्हाईक काचेवाला मागतं. तुमच्या त्या तक्त्यात 'बर्फ' म्हणून एकच आकडा टाकलाय का? कोणता बर्फ बे?

काडीपेटी

आप्पांना डॉक्टरेट द्या. मी लादीवर बसून अनुमोदन देतो.

ढगाळ_हवामान

लॉगिन करायचं नव्हतं, उद्या डेडलाइन आहे. पण आप्पांनी दोन वाक्यांत या विषयातली पंचवीस वर्षांची भांडणं सांगितली, त्यामुळे राहवेना. (पुण्यात हवामानाच्या मॉडेलांवर काम करते. पृथ्वीच्या या काळावर नाही, पण शेजारचंच शेत.)

आप्पा, समुद्र तळापर्यंत गोठला असं कुणी म्हणत नाही. पृथ्वीच्या पोटातून सतत थोडी ऊब वर येते, चौरस मीटरला सुमारे ०.०८ वॅट. तेवढीच बर्फातून वर जायला हवी. बर्फाची उष्णतावाहकता धरा २.२, वरचा पृष्ठभाग मायनस ३०, खाली समुद्राचं गोठणबिंदूजवळचं पाणी. भागाकार करा, जाडी येते साधारण ८०० मीटर. तिथे तोल बसतो, पुढे धरत नाही. खाली दोन-तीन किलोमीटर अंधारं, खारट पाणी तसंच. इतका जाड बर्फ पुन्हा स्वतःच्या वजनाने पसरतो, ध्रुवाकडचा विषुववृत्ताकडे सरकतो. त्याला समुद्री हिमनदी म्हणतात.

आता दुसरा मुद्दा, 'कोणता बर्फ'. ताजं हिम पडलेलं असेल तर ८० टक्क्यांच्या आसपास ऊन परत जातं. उघडा समुद्री बर्फ तेवढा पांढरा नसतो, ५० टक्के धरा, कधी कमी. मोकळा समुद्र जेमतेम ६ ते १० टक्के. विषुववृत्तापासून थोडं दूर, आपण आहोत त्या १७-१८ अंशांच्या आसपास, वरून कोरडी हवा खाली उतरते. तिथे पडतं त्यापेक्षा उडून जास्त जातं. म्हणजे बर्फ त्या पट्ट्यात आला की त्याच्यावर हिम टिकत नाही, तो उघडा, करडा राहतो. करडा म्हणून जास्त ऊन पितो, म्हणून पुढे सरकायला कचरतो. २०११ मध्ये डोरियन अॅबट, आयको फोग्ट आणि डॅनियल कोल यांनी हे मॉडेलमध्ये दाखवलं. बर्फाची कड ५ ते १५ अंशांच्या दरम्यान थांबते, मधे पृथ्वीभोवती पाण्याची वळणावळणाची चिंचोळी पट्टी उरते. तिला त्यांनी नॉर्स पुराणातल्या पृथ्वीला वेढणाऱ्या सापाचं नाव दिलं, योर्मुंगांड.

थोडक्यात, भाच्याला सांगा की 'बर्फ' ही एकच ओळ मोडून दोन कर. हिमाने झाकलेला आणि उघडा. आणि मग बघ.

सुगरण_सोलापूरकर

साप कशाला, आपला शेष होता की. बाकी उघडा-झाकलेला वाचून शेंगाचटणीचा डबा आठवला. उघडा राहिला की वास जातो.

काडीपेटी

शेंगाचटणीत लसूण भाजून की कच्चा? आता धागा खरा पेटेल.

सुगरण_सोलापूरकर

कच्चा. आणि उखळात. मिक्सरवाल्यांनी वेगळा धागा काढावा.

संपादक

चटणीचे सात प्रतिसाद 'पाककृती'त हलवले आहेत. कृपया बर्फावर या.

मालदांडी

मंगळवेढ्याकडचा शेतकरी, वाचतोय सगळं. मला वेगळंच विचारायचंय. गोठण सुरूच कशी झाली? सूर्य काय एका रात्रीत मंद झाला?

खडकशोध्या

मालदांडी, उत्तर तुमच्याच रानात आहे. नांगराला चुनखडीचे खडे लागतात ना, काळ्या मातीत?

मालदांडी

लागतात म्हणजे! एका बाजूच्या तुकड्यात तर फाळ वाजत जातो. हरभरा पिवळा पडतो तिथं. आजोबा गोळा करून भट्टीला द्यायचे, चुन्यासाठी.

खडकशोध्या

तेच. काळा पत्थर कुजतो तेव्हा पावसात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड त्यातल्या कॅल्शियमला धरतो, आणि शेवटी चुना होऊन बसतो. दगड हवेतला वायू गिळतो आणि पुरून ठेवतो. तुमचा खडा म्हणजे गोठवलेली हवा. (भट्टीत टाकलात की ती परत सुटते. गच्चीवरच्यांच्या बादलीतल्या चुन्याचीही हीच कुंडली.)

आता असाच काळ्या पत्थराचा अफाट लाव्हा, आजच्या उत्तर कॅनडात, सुमारे ७२ कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला. फ्रँकलिन म्हणतात त्याला. तेव्हा तो भाग विषुववृत्ताजवळ होता, ऊन-पाऊस भरपूर, म्हणजे दगड जोरात कुजणार. जमिनीचे तुकडेही तेव्हा बहुतेक उष्ण कटिबंधात. हवेतली गोधडी विरत गेली. लाव्ह्याबरोबर गंधकाचे कण वर उडाले, त्यांनी ऊन अडवलं, असंही काही जण म्हणतात. लाव्हा आणि गोठणीची सुरुवात काळाने इतकी जवळ आहेत की योगायोग म्हणवत नाही.

आणि सुटका कशी? सगळं बर्फाखाली गेलं की दगड कुजणं जवळपास थांबतं. ज्वालामुखी मात्र थांबत नाहीत. वायू साठत जातो, आजच्या काहीशे पट होईपर्यंत. मग एकदम वितळतं. तो साठलेला वायू धुऊन समुद्रात उतरला, त्याचीच ती चुनखडकाची टोपी.

शंकासुर

आता सापडलात. पाण्याचा पट्टा मोकळा असेल तर पाऊस आहे, पाऊस असेल तर दगड कुजतो, कुजतो तर वायू साठणार नाही. आणि पट्टा असेल तर वितळायला एवढा वायू लागणारही नाही, थोड्याशा उबेने बर्फ मागे हटेल. मग ५ कोटी ७० लाख वर्षं टिकलं कसं? टोपी एवढी जाड कशी? ढगाळताई, तुमचा साप आणि यांची टोपी एकत्र नांदत नाहीत.

ढगाळ_हवामान

शंकासुर, आज पहिल्यांदा तुमच्याशी सहमत. हीच पट्ट्याविरुद्धची सगळ्यात जड तक्रार आहे. २००० मध्ये विल्यम हाइड, थॉमस क्रॉली आणि सहकाऱ्यांनी खंडांवर बर्फ पण उष्ण कटिबंधात मोकळा समुद्र असलेलं मॉडेल आणलं, तेव्हाही भूशास्त्रज्ञांनी हेच विचारलं. योर्मुंगांडवाल्यांचं उत्तर असं, की त्या अवस्थेत शिरायची आणि तिच्यातून बाहेर पडायची दारं वेगळी आहेत. आत शिरलात की बाहेर यायला बराच जास्त वायू लागतो. पण अख्ख्या गोठणीएवढा नाही, हे मान्य.

पट्ट्याच्या बाजूने: ब्रायन रोझ यांनी २०१५ मध्ये दाखवलं की वाऱ्याने चालणारे समुद्राचे उथळ प्रवाह ऊब नेऊन नेमकी बर्फाच्या कडेला टाकतात आणि कड थोपवून धरतात. विरोधात: समुद्रावरचा बर्फ वाऱ्याने विषुववृत्ताकडे ढकलला जातो, हे मॉडेलमध्ये घातलं की पट्टा पटकन मिटतो.

निवृत्त_मास्तर

म्हणजे प्रत्येक जण एकेक नवी गोष्ट घालतो आणि निकाल फिरतो?

ढगाळ_हवामान

मास्तर, काहीसं तसंच. आणि सगळ्यात अवघड गोष्ट ढग. २०२२ मध्ये ख्रिस्टोफ ब्राउन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर जिओसायन्स'मध्ये मांडलं की पट्टा टिकतो की नाही, हे उपोष्ण भागातले ढग किती ऊन परतवतात यावर ठरतं. ऐकायला उलटं वाटेल. ढग दाट आणि पांढरे असतील तर खाली काळं पाणी असो की बर्फ, वरून दोन्ही पांढरंच दिसतं. मग पाण्याचा बर्फ झाला तरी हिशेबात फार फरक पडत नाही आणि घसरगुंडी मंदावते. ढग विरळ असतील तर प्रत्येक गोठलेला चौरस मीटर पुढच्याला खेचतो.

ढग किती पांढरा, हे त्यात शून्याखालीही द्रव राहिलेले थेंब किती आणि बर्फाचे कण किती यावर. पाण्याचा बारीक थेंब जवळपास मायनस ३८ पर्यंत द्रव राहू शकतो. कण झाले की ते भराभर वाढून पडून जातात, ढग विरतो. हे प्रमाण दोन चांगल्या मॉडेलांत दोन वेगळं. एकात पट्टा टिकला, दुसऱ्यात नाही. म्हणून त्यांचं म्हणणं, पट्ट्यावर भिस्त ठेवू नका.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आजच्या ढगांतही हे मोजायला विमानं उडवावी लागतात. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात आयआयटीएमची (पुण्याची हवामानशास्त्र संस्था) विमानं सोलापुरातून उडत होती, आठवतंय का?

गच्चीवरचा

आठवतंय तर! ढगात मीठ टाकतात असं गल्लीत बोलत होते. आमच्याकडे ढग दाटून येतो, अंधारतं, वाळवण उचलायला धावतो, आणि तो निघून जातो धाराशिवकडे.

ढगाळ_हवामान

मीठच, म्हणजे पाणी ओढून घेणारे क्षार. ढगाच्या तळाशी फवारायचे, थेंब मोठे व्हावेत म्हणून. पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणून सोलापूर निवडलं होतं. 'दाटतो पण पडत नाही' हा तुमचा अनुभव आणि ७० कोटी वर्षांमागचा प्रश्न, दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ढगात थेंब किती, केवढे, आणि ते कधी पडायचं ठरवतात.

हळदीकुंकू

मला एवढंच सांगा, जीव कसे वाचले? ८०० मीटर बर्फाखाली ऊन पोचणार नाही. शेवाळं तर त्याआधीपासून होतं ना?

खडकशोध्या

होतं, लाल शेवाळाचे जीवाश्म सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे कुठे ना कुठे ऊन आणि पाणी एकत्र होतं, हे नक्की. चीनच्या हुबेई प्रांतात शेननोंगज्या भागात मॅरिनोअनच्या हिमगाळाच्या मधल्या काळ्या चिखलखडकात डोळ्यांना दिसतील एवढ्या शेवाळाचे ठसे मिळाले, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. ती जागा तेव्हा विषुववृत्तावरही नव्हती, मधल्या अक्षांशांवर होती. पट्टेवाले हे मिरवतात. अख्खी गोठण मानणारे म्हणतात, तो गोठणीच्या उतरणीचा काळ आहे, तेव्हा वितळायला लागलंच होतं.

बर्फवाले_आप्पा

जीव वाचायला समुद्रच मोकळा पाहिजे असं नाही हां. लादी उन्हात ठेवली आन् त्यावर भुशाची किंवा कोळशाची चिमूट पडली, की बरोबर तेवढंच भोक पडत खाली जातं. तळाशी ती चिमूट, वर पाणी. रोज बघतोय. माशी पडली तरी तसंच.

खडकशोध्या

आप्पा, याला नाव आहे, क्रायोकोनाइट. आजच्या हिमनद्यांवर अशी भोकं असतात आणि त्यांत शेवाळं, जिवाणू सुखाने जगतात. गोठलेल्या पृथ्वीवर वाऱ्याची धूळ आणि ज्वालामुखीची राख विषुववृत्ताजवळ साठून अशी डबकी झाली असावीत, असं हॉफमन यांनी २०१६ मध्ये मांडलंय. त्यामुळे 'जीव वाचले म्हणजे समुद्र मोकळा होता' हे सिद्ध होत नाही.

शंकासुर

आप्पा, तुमच्या कारखान्यात आणखी किती शोधनिबंध पडलेत?

गच्चीवरचा (बुधवार, रात्री ९:४५)

ढगाळताईंचं ऐकून भाच्याने तक्ता बदलला. हिमाचा बर्फ ७५ टक्के, उघडा बर्फ ४५, आणि ३० अंशांच्या आत उघडाच. ओळी पाच-पाच अंशांच्या केल्या. सूर्य मंद केला, बर्फ आला, घसरला... आणि १० अंशांवर थांबला! दोन ओळी निळ्या राहिल्या. पोरगं ओरडलंच. मग ४५ चे ५५ केले आणि दोन्ही गेल्या. दहा टक्क्यांवर समुद्र!

तर आता प्रश्न असा, ४५ खरं की ५५? आप्पा, उद्या तुमच्याकडे यायचं म्हणतोय. मोबाइलमध्ये उजेड मोजायचं अॅप घातलंय.

बर्फवाले_आप्पा

या की, विचारताय काय. दुपारी दोनला या, गाडी भरायच्या आत.

ढगाळ_हवामान

जाच! फक्त लक्षात ठेवा, तुमचा बर्फ गोड्या पाण्याचा. समुद्राच्या बर्फात खाऱ्या पाण्याचे कप्पे असतात आणि तो मायनस २३ च्या खाली गेला की त्यांतलं मीठ स्फटिक होऊन बसतं. बर्फ आणखी पांढरा होतो. म्हणजे तोच उघडा बर्फ गारठला की वेगळा आकडा.

गच्चीवरचा (गुरुवार, संध्याकाळी ६:३०)

जाऊन आलो. उन्हात पांढऱ्या कागदावरून येणारा उजेड १०० धरला. मोबाइल उलटा, वीतभर उंचीवर, सावली पडू न देता. गोळेवाल्यासाठी चुरलेला बर्फ ८८. लादीचा पांढरा गाभा ६० च्या आसपास, हलत होता. काचेसारखी कड गोणपाटावर ठेवली तर २६.

मग आप्पांच्या पोराने तोच तुकडा धुवायच्या पांढऱ्या फरशीवर ठेवला. ५१! तुकडा तोच. भाचा म्हणतो म्हणजे तो आपण खालची फरशीच मोजत होतो. आप्पा म्हणाले, "मग समुद्राच्या बर्फाखाली काय, गोणपाट का फरशी?"

ढगाळ_हवामान

गोणपाट, आप्पा. त्याहून काळं. पण शेकडो मीटर जाडीत बुडबुडे इतके असतात की खालचं वर पोचत नाही. मग बुडबुडे किती, यावर येतं सगळं.

बर्फवाले_आप्पा

बुडबुडे घालवायला आम्ही डब्यात हवेची नळी सोडतो, पाणी हलतं ठेवायला. तिथं समुद्र हलता होता का निवांत, ते बघा आधी.

काडीपेटी

धाग्याचं पन्नाशीकडे प्रस्थान. गच्चीवरचे, उरलेल्या अर्ध्या गच्चीचं काय झालं?

गच्चीवरचा

चुना आणलाय. सौ. म्हणताहेत आधी ती करडी बाजू रंगव, मग पृथ्वीचं बघ. भाचा म्हणतो थांब मामा, उद्या दुपारी दोन्ही बाजूंचा उजेड मोजून घेऊ, मगच हात लाव. चपला घालून जाणार आहे.